मागच्या कप्प्यातली हवा

बोट पहिल्यांदा पाहिली तेव्हा ती एका शेडमध्ये पालथी ठेवलेली होती. अंगावर ताडपत्री, ताडपत्रीवर दोन वर्षांचा पाचोळा. ज्यांची ती होती त्या काकांनी ताडपत्री बाजूला ओढली आणि माझ्या हातात स्क्रूड्रायव्हर ठेवला. म्हणाले, "जिथे शंका येईल तिथे टोचून बघा. लाकूड धड असेल तर टोक आत जाणार नाही." विकणारा माणूस स्वतःहून असं म्हणतो, तिथेच माझं मन अर्धं तयार झालं. तरी मी पाऊण तास टोचत बसले. तळ, कडा, सेंटरबोर्डच्या (बोटीच्या मधून खाली पाण्यात उतरणाऱ्या फळीच्या) पेटीचा पाया, सगळीकडे टोक अडत होतं. फक्त मागच्या उभ्या फळीच्या खालच्या डाव्या कोपऱ्यात ते भिजलेल्या पुठ्ठ्यात शिरावं तसं बोटभर आत गेलं.

"तिथे पाणी साचून राहायचं," काका म्हणाले. "माझ्याकडून हयगय झाली."

बोट वेफेरर जातीची, प्लायवूडची. इयान प्रॉक्टर यांनी 1957 साली हा आराखडा केला. लांबी 4.82 मीटर, रुंदी 1.85 मीटर, डोलकाठी-शिडं सोडून नुसत्या धडाचं वजन 169 किलोच्या आसपास. मला हीच हवी होती, कारण त्याआधीचे दोन हंगाम मी एकट्याने चालवायच्या छोट्या डिंगीवर, म्हणजे शिडाच्या लहान उघड्या होडीवर, शिकले होते आणि त्या बोटीत दुसऱ्या माणसाला जागाच नसते. शिडाची मजा कोणाला दाखवायची तर काठावरून हात हलवायचा, एवढंच. खाली जड कील (तळाला कायमची बसवलेली वजनदार फळी) असलेली बोट घ्यावी तर ती पाण्यातच नांगरून ठेवावी लागते, बाहेर काढायला क्रेन लागते. मला गाडीमागे ओढून नेता येईल, दोघींनी पाण्यात ढकलता येईल, दिवसभर भटकता येईल आणि रविवारी शर्यतीतही उतरवता येईल अशी बोट पाहिजे होती. दोघी म्हणजे मी आणि माझी सतरा वर्षांची भाची.

आणखी एक कारण होतं. फ्रँक डाय नावाच्या माणसाने 1963 साली एका सोबत्याला घेऊन हीच जात स्कॉटलंडहून आइसलँडपर्यंत नेली, आणि पुढच्या वर्षी नॉर्वेपर्यंत. वर छप्पर नसलेली, पाच मीटरही नसलेली उघडी बोट. दुसऱ्या सफरीत वादळात ती पुन्हा पुन्हा उलटली, डोलकाठी मोडली, तरी दोघं तिच्यातूनच नॉर्वेला पोचले. शिडावर 48 क्रमांक असलेली ती 'वाँडरर' आज कॉर्नवॉलमधल्या फाल्मथच्या सागरी संग्रहालयात आहे. मला असं धाडस करायचं नव्हतं, आजही करायचं नाही. पण उलटूनही बुडली नाही, ही गोष्ट माझ्या मनात पक्की बसली. का बुडली नाही, हे मात्र मी तेव्हा नीट विचारलं नाही.

उत्तर साधं आहे. वेफेररमध्ये हवेचे दोन बंद कप्पे असतात, एक पुढच्या डेकखाली, एक मागच्या डेकखाली. बोट पाण्याने काठोकाठ भरली तरी या दोन कप्प्यांतली हवा तिला वर धरते. कप्पे चांगले ऐसपैस असतात, म्हणून त्यांना झाकणं असतात आणि लोक आत कपडे, डबे, नांगर ठेवतात. एकाच जागेचे दोन उपयोग. माझी चूक इथूनच सुरू झाली, पण ती लक्षात यायला पाच महिने लागले.

दुरुस्तीबद्दल फार लिहीत नाही. कुजलेला कोपरा कापून काढला आणि नवा तुकडा बसवला. अशा जोडात दोन्ही कडा तिरक्या तासाव्या लागतात, जाडीच्या आठपट उतार देऊन. माझं प्लाय 6 मिलिमीटरचं, म्हणजे 48 मिलिमीटरचा उतार. पहिला तुकडा मी घाईत तासला आणि तो फेकून द्यावा लागला. दुसरा बसला. जोडाला लावलेला इपॉक्सी गोंद सुकल्यावर वर मेणासारखा चिकट थर येतो, तो पाण्याने धुतल्याशिवाय त्यावर रंग धरत नाही. हे मला एका जुन्याजाणत्या नाविकाने वेळेवर सांगितलं म्हणून निभावलं. मग घासणं, वॉर्निश, पुन्हा घासणं, पुन्हा वॉर्निश. चार महिन्यांचे शनिवार-रविवार त्यात गेले.

ट्रेलरबद्दल मात्र सविस्तर लिहायला हवं, कारण नव्या माणसाला वाटतं की बोट शिकायची म्हणजे वारा आणि शिडं शिकायची. माझी पहिली खरी भीती रस्त्यावरची आहे.

माझा ट्रेलर दुहेरी आहे. खाली रस्त्यावर धावणारा सांगाडा, आणि त्याच्यावर बोटीसकट सरकणारी हलकी ढकलगाडी. पाण्याशी पोचलं की ढकलगाडी बोटीसह खाली उतरवायची आणि तीच पाण्यात न्यायची. रस्त्याचा सांगाडा कोरडाच ठेवायचा. लांबून आलेल्या चाकांचे बेअरिंग तापलेले असतात. तशीच चाकं गार पाण्यात बुडवली तर आतली हवा आकसते आणि पाणी आत ओढलं जातं, मग ग्रीस खराब होऊन बेअरिंग गंजतात आणि एक दिवस भर रस्त्यात चाक जाम होतं.

पहिल्याच फेरीत उतारावर ट्रेलर डुलायला लागला. आधी किंचित, मग गाडीचं मागचं अंग हलावं इतका. मी ब्रेकवर पाय न ठेवता ॲक्सिलरेटर हळूहळू सोडला, वेग उतरला आणि डुलणं थांबलं. भाची शेजारी बसली होती. ती काही बोलली नाही, पण तिने दाराची मूठ घट्ट धरलेली मला दिसली. बाजूला थांबून पाहिलं तर बोट दोन वीत मागे बांधलेली होती. मागचं वजन जास्त, त्यामुळे गाडीच्या हुकावर जवळजवळ भारच नव्हता. बोट धरून ट्रेलरचं जे एकूण वजन होतं, त्याच्या साधारण 5 ते 10 टक्के भार हुकावर यायला हवा. घरी आल्यावर ट्रेलरच्या दांड्याखाली वजनकाटा ठेवला, बोट पुढे सरकवत सरकवत आकडा जुळवला आणि ती जागा रंगाने खुणेची केली. आता डोळे मिटूनही बोट त्याच जागी बसते. पट्टे बांधतानाही जपावं लागतं. लाकडी बोटीच्या कडांवर पट्टा फार ताणला तर बोटीचा आकारच दबतो, म्हणून पट्ट्याखाली जाड गादी हवी आणि बोटीचा भार तळाच्या मधल्या कण्यावर हवा, पोटावर नको.

मग डोलकाठी. माझ्या बोटीत तिचा पाया एका खोबणीत खिळीवर फिरतो, त्यामुळे एकटीने उभी करता येते. पण उभी करण्याआधी वर बघायचं. बघायचंच. किनाऱ्याजवळ, वाहनतळावर, रस्ता ओलांडताना विजेच्या तारा असतात. ॲल्युमिनियमची डोलकाठी आणि तिला धरून ठेवणारे तारेचे ताण दोन्ही विजेला वाट देतात. उभ्या डोलकाठीची बोट ढकलत तारेखालून नेताना जीव गेल्याच्या गोष्टी प्रत्येक जुन्या नाविकाकडे आहेत. आम्ही दोघींनी एक रीत ठरवली आहे. मी काठी उचलायला हात घातला की भाची मोठ्याने म्हणते, "वर मोकळं आहे," आणि मीही वर बघून तेच म्हणते. दोघींनी म्हटल्याशिवाय काठी हलत नाही.

पहिले चार-पाच दिवस नुसते फिरण्यात गेले आणि ते फार सुंदर होते. वेफेरर जड आहे, छोट्या डिंगीसारखी ती हाताच्या इशाऱ्यावर उडी मारत नाही. वळताना टिलर (सुकाणूचा दांडा) झटक्याने ढकलला की ती जागीच थबकते. सावकाश वळवली तर स्वतःच्या वजनाने गोल फिरते आणि चालतच राहते. भाचीने जिबवर, म्हणजे पुढच्या छोट्या शिडावर, लोकरीचे धागे चिकटवले होते, शिडाच्या दोन्ही अंगांना. दोन्ही धागे सरळ मागे वाहत असले की शीड बरोबर लागलंय. आतला धागा फडफडला तर शीड थोडं ओढायचं किंवा बोट वाऱ्यापासून थोडी वळवायची, बाहेरचा गळून पडला तर याच्या उलट. दुसऱ्या दिवशीच ती मला सांगायला लागली, "मावशी, आतला उडतोय." तिची नजर माझ्यापेक्षा चांगली आहे.

शर्यतीत नाव देण्याआधी एक काम राहिलं होतं, बोट मुद्दाम उलटवून पाहणं. क्लबच्या बचावनौकेला जवळ थांबायला सांगितलं. वारा हलका, अंगात तरंगजाकीट, तळ खोल. आम्ही दोघी एकाच बाजूला जाऊन ताणाच्या तारेला लटकलो आणि ती शांतपणे आडवी झाली. शिडं पाण्यावर पसरली.

उलटल्यावर पहिलं काम बोलायचं. दुसरं माणूस शिडाखाली किंवा दोरांत अडकलंय का, हे डोळ्यांना लगेच दिसत नाही. मी ओरडले, आणि बोटीच्या पलीकडून आवाज आला, "मावशी, मी इथे! पाय मोकळे आहेत!" तिथवर सगळं शिकवल्याप्रमाणे झालं. एकीने पोहत सेंटरबोर्डकडे जाऊन त्यावर भार द्यायचा. दुसरीने धडाच्या आतल्या बाजूला तरंगत राहायचं, म्हणजे बोट सरळ होताना ती आपोआप आत उचलली जाते. दोन्ही शिडांचे दोर आधी सोडून ठेवायचे.

मी सेंटरबोर्डपर्यंत पोचले तेव्हा बोटीचं मागचं टोक खाली गेलेलं होतं. पुढचं टोक आकाशाकडे. काही तरी चुकतंय हे कळलं, पण काय ते कळेना. क्षणभरात ती आडवीची पूर्ण पालथी झाली, सेंटरबोर्ड वर, डोलकाठी सरळ खाली तळाकडे. मी कडेवर चढून बोर्ड धरून मागे झुकले. ती वळायला बराच वेळ लागला, पण वळली आणि सरळ उभीही राहिली. भाची आत आली. आणि मग आम्ही पाहिलं की मागची कड पाण्याच्या पातळीखाली आहे. बादली बांधलेली होती, भाचीने उपसायला सुरुवात केली. एक बादली बाहेर टाकावी तोवर तेवढंच पाणी सेंटरबोर्डच्या फटीतून वर उसळून आत येई, कारण पेटीचं वरचं तोंडच पाण्याखाली गेलेलं. अशा बोटीतून पाणी काढताच येत नाही. ती मिनिटभर उपसत राहिली, मग माझ्याकडे पाहून थांबली.

बचावनौकेवरच्या माणसाने शांतपणे सांगितलं, "शिडं उतरवा, दोघी पुढे बसा, मी हळू ओढतो." हळू हा शब्द महत्त्वाचा. पाण्याने भरलेली बोट जोरात ओढली तर तिच्यातल्या पाण्याच्या वजनानेच ती पुन्हा कलंडते किंवा कडी उपटून येते. किनाऱ्याला यायला आम्हाला अर्ध्या तासाहून जास्त लागला.

मागच्या कप्प्याचं बूच काढलं तेव्हा पाणी किती तरी वेळ धारेने वाहत राहिलं. 100 लिटर पाणी म्हणजे 100 किलो, आणि बोटीचं नुसतं धड 169 किलो. तेव्हा मला फ्रँक डायच्या बोटीचा खरा अर्थ लागला. ती प्रत्येक वेळी वर आली, कारण तिच्या पोटातली हवा पोटातच राहिली होती.

कारण शोधायला वेळ लागला नाही. त्या दिवशी अगदी निघताना पाण्याची बाटली कप्प्यात टाकायला मी झाकण उघडलं होतं आणि चारपैकी एक कडी अर्धीच फिरवली होती. पण तेवढंच नव्हतं. झाकणाच्या कडेचा स्पंज रबर वर्षानुवर्षं दाबून दगडासारखा झाला होता. चारही कड्या लावल्या असत्या तरी पाणी थोडं थोडं गेलंच असतं. चार महिने मी लाकडाला टोचत होते, चकाकी आणत होते, आणि जी वस्तू आम्हा दोघींना पाण्यावर धरणार होती तिच्यावरून मी नुसता फडका फिरवला होता. भाची तिथे नसती आणि बचावनौका लांब असती तर, हा विचार त्या रात्री मला झोपू देईना.

पुढचा आठवडा फक्त कप्प्यांचा. झाकणाच्या कडेचं जुनं रबर खरवडून बंद छिद्रांचा नवा मऊ फोम बसवला. उघड्या छिद्रांचा स्पंज चालत नाही, तो पाणी पितो. मग परीक्षा. बुचाच्या भोकात रबरी नळी बसवून तोंडाने हवा भरायची, अगदी बेताने. पंप लावायचा नाही, जास्त दाबाने कप्प्याचे सांधेच फाटतात. मी हवा धरून ठेवायची आणि भाचीने साबणाचं पाणी ब्रशने झाकणाच्या कडेवर, सांध्यांवर, स्क्रूंवर लावत जायचं. जिथून हवा निसटते तिथे बुडबुडे येतात. झाकणाची कड चांगली निघाली. पण मागच्या फळीवर सुकाणूची बिजागरी बसवलेली आहे, तिच्या दोन बोल्टांपाशी बारीक बुडबुड्यांची माळ उठली. म्हणजे पाणी तिथूनही जात होतं. तो कुजलेला कोपराही बहुधा याच बोल्टांमुळे कुजला असणार, पाणी आतून साचत असेल. बोल्ट काढले, भोकं इपॉक्सीने भरली, पुन्हा पाडली, सीलंट लावून बसवले. दुसऱ्या परीक्षेत एकही बुडबुडा नाही. भाचीने वहीत तारीख लिहिली.

त्याच्या पुढच्या शनिवारी आम्ही बोट पुन्हा उलटवली, तीनदा. तिन्ही वेळा ती आडवी, उंच तरंगत राहिली. सरळ केल्यावर आत पाणी गुडघ्याच्या खाली होतं आणि पेटीचं तोंड पाण्याच्या वर. थोडं बादलीने काढलं, मग शिडं भरून वेग घेतला आणि तळातले बेलर, म्हणजे पाणी बाहेर सोडणाऱ्या झडपा, उघडले. चालत्या बोटीखालचं पाणी बेलरमधून आतलं पाणी ओढून नेतं. काही मिनिटांत फळ्या दिसायला लागल्या. त्या दिवशी आम्ही शर्यतीसाठी नाव दिलं.

शर्यतीत अकरा बोटी होत्या, वेगवेगळ्या जातींच्या. सुरुवातीला पाच मिनिटं उरली की पहिला झेंडा वर जातो, चार मिनिटांना दुसरा, एक मिनिट उरलं की दुसरा खाली येतो, आणि पहिला खाली आला की शर्यत सुरू. ही पाच मिनिटं मला आयुष्यात सर्वांत गजबजलेली वाटली. सगळ्या बोटी थोड्याशा जागेत, कोणालाही ब्रेक नाही. भाची घड्याळ बघून सेकंद मोजत होती आणि मी एकच नियम मनात धरला होता. उजव्या बाजूने वारा घेणाऱ्या बोटीला डाव्या बाजूने वारा घेणारी वाट देते. म्हणून सुरुवातीच्या रेषेवर मी उजवीकडून वारा घेऊनच राहिले. आमची सुरुवात मागच्या फळीतली झाली, पण मोकळ्या वाऱ्यात झाली.

वाऱ्यावर चढताना अर्ध्या वाटेत आम्ही डावीकडून वारा घेऊन चाललो होतो आणि समोरून हाक आली, "स्टारबोर्ड!" म्हणजे, मी उजवीकडून वारा घेतोय, वाट द्या. दोन बोटी एकाच बिंदूकडे निघाल्या होत्या, वाट मला द्यायची होती. मी तिच्या मागून जायचं ठरवलं, टिलर ओढला, पण बोट वळेना. मोठं शीड घट्ट ओढलेलं असलं की ते बोटीचं तोंड वाऱ्याकडेच दाबून धरतं, सुकाणू एकटं पुरत नाही. मी मेनशीट, म्हणजे मोठ्या शिडाचा दोर, सोडला, भाची न सांगता बाहेर झुकली आणि बोट लोण्यासारखी वळली. त्यांच्या मागच्या फळीपासून एक हात अंतरावरून आम्ही गेलो. ते शब्दांत सांगायला सोपं आहे. पाण्यावर ते कळायला दोन हंगाम आणि एक क्षण लागला.

शर्यतीच्या मार्गावरच्या वरच्या खुणेला वळसा घालताना आमच्या बूमचं (मोठ्या शिडाखालच्या आडव्या काठीचं) टोक खुणेच्या फुग्याला घासलं. कोणी पाहिलं नसावं. भाची म्हणाली, "मावशी, लागलं." खुणेला स्पर्श झाला तर एक पूर्ण गिरकी, त्यात एक टॅक (पुढचं टोक वाऱ्यातून नेत वळणं) आणि एक जाइब (मागचं टोक वाऱ्यातून नेत वळणं), ही शिक्षा. आम्ही बाजूला मोकळ्या पाण्यात जाऊन ती घेतली. जाइबच्या वेळी वाऱ्याचा झोत आला. बूम डोक्यावरून आडवा गेला, बोट कलली आणि कडेवरून पाणी आत आलं. आम्ही दोघी एकदमच वरच्या कडेवर गेलो. ती सावरली. पाय पाण्यात होते आणि मला मागे वळून झाकणाकडे बघावंसं वाटलं, पण वेळ नव्हता.

अकरांत आम्ही आठव्या आलो. एक बोट मध्येच माघारी गेली होती, तर खरं म्हणजे दहांत आठव्या.

किनाऱ्यावर आल्यावर शिडं उतरवली, बोट ढकलगाडीवर घेतली, गोड्या पाण्याने धुतली. भाचीने मागचं झाकण उघडलं आणि खांद्यापर्यंत हात आत घातला. कोपऱ्यापर्यंत चाचपून तिने हात बाहेर काढला आणि तळवा माझ्यापुढे धरला. त्यावर थोडा लाकडाचा भुसा होता, दुरुस्तीच्या वेळचा.

"कोरडं आहे," ती म्हणाली.

आम्ही दोन्ही बुचं काढली, दोन्ही झाकणं रात्रभर आत वारा खेळावा म्हणून उघडी ठेवली, आणि वरून ताडपत्री घातली, खाली हवा जायला जागा सोडून.